तापचक्र, दंतभरणांवरील
तोंडातील तापमानाच्या चढउतारामुळे दातात भरलेले द्रव्य वारंवार प्रसरण-आकुंचन पावून त्याचा टिकाऊपणा घटण्याची प्रक्रिया. दर अंश सेल्सिअसला एनॅमल, म्हणजे दाताचे कठीण कवच, दशलक्षात सुमारे 11 भाग प्रसरण पावते, पारदमिश्रण सुमारे 25, तर दातरंगी कॉम्पोझिट 20 ते 60. बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे गेला तरी मिटलेले तोंड साधारण 35 ते 37 अंशांवरच राहते. त्यामुळे खरा ताण हवेचा नव्हे, तर रसवंतीतील बर्फ घातलेल्या उसाच्या रसामागून घेतलेल्या वाफाळत्या चहाचा असतो, कारण भरण दातापेक्षा अधिक आकसते व फुगते, सांध्यात केसाहून बारीक फट पडते आणि तीतून लाळ व जंतू आत झिरपतात. यास सूक्ष्मगळती म्हणतात. प्रयोगशाळेत नमुने 5 व 55 अंशांच्या पाण्यात आलटूनपालटून बुडवतात. अशा 10,000 फेऱ्या म्हणजे वापराचे एक वर्ष, हा रूढ हिशेब मात्र ढोबळच होय.