हार्बर लाईन नक्की कधी सुरू झाली?

कोल्हापुरातून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालात की सकाळी सीएसएमटीला उतरता. तिथून हार्बर लोकल पकडताना कधी विचार केलाय, ही लाईन सुरू कधी झाली? मी एका टिपणात बिनधास्त '1925' लिहिलं होतं. गाईडनी बाजूला पेन्सिलीने एवढंच लिहिलं, "काय सुरू झालं?" तिथंच माझी गाडी अडली.

कारण तारखा दोन आहेत. 12 डिसेंबर 1910 रोजी जीआयपी रेल्वेचा कुर्ला ते रे रोड हा मार्ग सुरू झाला. बंदराच्या बाजूने जाणारा, म्हणून 'हार्बर'. पण तो बोरीबंदरपर्यंत पोचत नव्हता. पुढे दाट वस्ती. त्यामुळे डॉकयार्ड रोड ते सँडहर्स्ट रोडदरम्यान रूळ उंचावरून न्यावे लागले. मग 3 फेब्रुवारी 1925 रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या उपस्थितीत बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची प्रवासी गाडी धावली, 1500 व्होल्ट डीसीवर.

वीजच का? वाफेचं इंजिन शेवटच्या स्टेशनवर सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावं लागतं. विजेच्या लोकलला दोन्ही टोकांना केबिन. मोटरमन टोक बदलतो, गाडी निघाली! शिवाय डीसी सिरीज मोटर थांबलेल्या स्थितीतच जास्त टॉर्क देते. दर एक-दोन किलोमीटरला थांबणाऱ्या आणि पुलावर चढणाऱ्या गाडीला नेमकं हेच हवं असतं.

टोकियोतही असंच आहे बघा. यामानोते मार्गाचा पहिला तुकडा, शिनागावा ते आकाबाने, 1885 चा; वर्तुळ पूर्ण झालं ते 1 नोव्हेंबर 1925 ला. मग मार्गाचं वय कुठून मोजायचं?

उत्तर तुमच्या प्रश्नावर ठरतं. बंदर आणि वस्ती अभ्यासत असाल तर 1910 धरा. वीज आणि रोजचा प्रवास अभ्यासत असाल तर 1925. आणि डीसी तंत्रज्ञानाचं आयुष्य मोजायचं असेल तर शेवटही बघावा लागेल: याच कुर्ला–सीएसएमटी टप्प्यावर मुंबई लोकलची डीसी एप्रिल 2016 मध्ये थांबली आणि 25,000 व्होल्ट एसी आली.

तेव्हा तुमच्या आराखड्यात 'सुरू झाले' असं जिथं जिथं लिहिलंय, तिथं एकदा विचारा: काय, कुठून कुठपर्यंत, आणि कशावर? माझं एक वाक्य त्यामुळे तीन वाक्यांचं झालं. पण आता ते व्हायव्हात टिकेल.