कागदी कपातला गरम चहा: पोटात नेमकं काय जातं?

टपरीवरच्या काचेच्या ग्लासची जागा अनेक ठिकाणी कागदी कपाने घेतली आहे. कप कागदाचा, म्हणजे प्लास्टिकचा प्रश्नच नाही, असं अनेकांना वाटतं. पण नुसता कागद चहाने भिजतो. म्हणून कपाला आतून बहुधा पॉलिइथिलीन या प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो.

कपातून प्लास्टिक सुटतं का?

हो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी ८५ ते ९० अंश सेल्सिअसचं १०० मिली पाणी अशा कपांत १५ मिनिटं ठेवलं. त्यात मायक्रोप्लास्टिकचे सुमारे २५,००० कण आढळले. मायक्रोप्लास्टिक म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे. त्यातले बरेचसे डोळ्यांना दिसतही नाहीत.

शरीरात गेल्यावर काय होतं?

बरेच कण शौचावाटे बाहेर पडतात, पण सगळे नाही. नेदरलँड्समध्ये २०२२ साली २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तात प्लास्टिक सापडलं. २०२४ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २५७ रुग्णांच्या मानेच्या धमनीतून काढलेला चरबीचा थर तपासला. ज्यांच्या थरात प्लास्टिक होतं, त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट दिसला. यातून संबंध दिसतो. प्लास्टिकमुळेच हे झालं, असं सिद्ध होत नाही.

बीपीएचं काय?

बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, पॉलिकार्बोनेट प्लास्टिकमध्ये वापरतात. ते शरीरात इस्ट्रोजेन हार्मोनसारखं वागतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची सुरक्षित मर्यादा २०,००० पटींनी खाली आणली. पॉलिइथिलीन बनवायला मात्र बीपीए लागत नाही.

मग ‘कागदी कपामुळे कॅन्सर’ हा फॉरवर्ड खरा का?

माणसांमध्ये तसा थेट पुरावा नाही. पण पुराव्याची वाट पाहत बसण्याचंही कारण नाही, कारण काळजी घेणं स्वस्त आहे.

काय करता येईल?

• चहा काचेच्या ग्लासात, कुल्हडमध्ये किंवा स्टीलच्या कपात घ्या.
• पार्सल चहासाठी पिशवीऐवजी थर्मास न्या.
• प्लास्टिकच्या डब्यात अन्न मायक्रोवेव्ह करू नका.
• बाळाचं दूध स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात तयार करा आणि कोमट झाल्यावरच बाटलीत ओता. आयर्लंडमधल्या २०२० च्या अभ्यासात गरम पाण्यामुळे पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांतून लिटरमागे १.६ कोटींपर्यंत कण सुटल्याचं दिसलं होतं.

थोडक्यात, प्लास्टिक आणि उष्णता एकत्र येऊ देऊ नका.