कोपी ते कंटेनर : शिरूर-दौंड परिसरातील तात्पुरत्या निवाऱ्याचा विचार

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल-एक्स' जहाजाने ५८ कंटेनर नेवार्कहून ह्यूस्टनकडे नेले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यावर महाराष्ट्रात या पोलादी पेटीचा प्रसार वाढला. रांजणगाव (ता. शिरूर) व कुरकुंभ (ता. दौंड) येथील औद्योगिक वसाहतींच्या परिसरात निवासासाठी तिचा विचार करताना स्थानिक पूर्वपरंपरा ध्यानात घ्यावी लागते. भीमाकाठच्या ऊस-पट्ट्यात तोडणी कामगारांची पाचटाची कोपी हंगामापुरतीच उभी राहते. कोपीत हवा खेळते, पण आगीचे भय असते. कंटेनर मजबूत असतो, परंतु उष्णतारोधक थराअभावी वैशाखात भट्टीसारखा तापतो. सारांश, साहित्य बदलले तरी श्रमिकाचे तात्पुरतेपण आपोआप संपत नाही. म्हणून निवाऱ्याचे मूल्यमापन त्यात राहणाऱ्याच्या आरोग्यावरून व्हावयास हवे.