सीतेचा सासुरवास

संस्कृतातल्या ‘वस्’ धातूचा अर्थ साधा आहे: राहणे. त्यावरून वास, निवास, सहवास. मराठीत मात्र हा वास बाईच्या वाट्याला आला की त्याच्या दोन वाटा होतात. माहेरवास म्हणजे विसावा, सासुरवास म्हणजे जाच. ‘सासुर’ हे ‘श्वशुर’चं रूप, म्हणजे सासऱ्याच्या घरी राहणं, एवढाच मूळ अर्थ. जाच शब्दात नव्हता, तो नांदणाऱ्या बायकांच्या अनुभवातून आला.

याच बायकांनी हा शब्द सीतेला दिला. पुणे जिल्ह्यातल्या गावागावांत जात्यावर सीता गायली गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेच्या ओव्या वाचाव्यात. वाल्मीकींच्या रामायणात लोकापवादामुळे सीतेचा त्याग होतो. लोकपरंपरेत कैकेयी सासू होऊन पुढे येते. ती रावणाचं चित्र काढायला लावते, सीता फक्त पायाचा अंगठा काढते, उरलेला रावण सासूच पुरा करते आणि रामाला दाखवते. राज्यकारभाराचा प्रश्न असा घरात येतो. ताराबाई भवाळकरांनी ‘सीतायन’मध्ये या लोकसीतेचा शोध घेतला, तो मुळातून वाचण्यासारखा आहे.

इतर कलांनी सीतेचे वेगळे क्षण निवडले. राजा रविवर्म्याने १८८० साली भूमिप्रवेश रंगवला: धरणी लेकीला कवेत घेऊन निघाली आहे. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच, पडद्यावर यायला तेव्हा बायका सहसा तयार होत नसत. १९५५-५६च्या ‘गीतरामायणा’त गदिमांची सीता वनात लक्ष्मणाला आपण जावं कुठे, असं विचारते. सुधीर फडक्यांच्या चालीत तो प्रश्न आजही काळीज कापतो. पण या साऱ्यांत तिचं दुःख तिच्या एकटीचं, आपण ते बाहेरून पाहतो किंवा ऐकतो.

ओवीतली सीता आपला सासुरवास देशोदेशीच्या बायकांना वाटून देते. ही कल्पना मला साऱ्या रामकथेत सर्वांत धाडसी वाटते. दळणारणीला आपल्या वाट्याचं दुःख कुठून आलं ते त्यातून कळतं. रामाच्या राणीशी तिचं नातं भक्तीचं उरत नाही, दोघी सासुरवाशिणी होतात.