फुलांचं युद्ध

युद्धाचा देव म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढं धिप्पाड देह आणि रागीट डोळे उभे राहतात. मेक्सिकोतल्या अॅझ्टेक लोकांनी मात्र आपल्या युद्धदेवाला एका चिमुकल्या पक्ष्याचं नाव दिलं होतं. हुइत्झिलोपोच्त्ली! उच्चारताना आपली जीभ अडखळते, पण अर्थ सोपा आहे : ‘डावीकडचा हमिंगबर्ड’. हा पक्षी आपल्याकडं नाही. आपल्या शिंजिरासारखा तोही फुलातला मध पितो. पण आपल्या फुलांवर दुसरा कुणी आला, तर त्याच्यावर तुटून पडतो. हे त्या लोकांनी नीट पाहिलेलं असणार.

आज जिथं मेक्सिको सिटी आहे, तिथं तेव्हा सरोवर होतं. त्यातल्या बेटावर १३२५ च्या सुमारास त्यांनी तेनोच्तित्लान हे शहर वसवलं. तिथल्या मोठ्या मंदिराच्या माथ्यावर दोन गाभारे होते, एक पावसाच्या देवाचा आणि दुसरा या युद्धदेवाचा. एक मका पिकवणार, दुसरा खंडणी आणणार. पोटाचा हिशेब देवळातच मांडलेला!

या देवाची जन्मकथा भयंकर आहे. सर्पटेकडीवर झाडलोट करणाऱ्या त्याच्या आईनं वरून पडलेला पिसांचा गोळा कमरेला खोवला आणि तिला दिवस गेले. संतापलेली मुलगी कोयोल्शाउकी आपल्या चारशे भावांना घेऊन आईलाच मारायला निघाली. तेवढ्यात हा शस्त्रं घेऊनच जन्मला. त्यानं बहिणीचं डोकं उडवलं, धड टेकडीवरून खाली ढकललं. १९७८ साली मेक्सिको सिटीत वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना एक प्रचंड दगडी चकती लागली. तीन मीटरांहून रुंद. तिच्यावर हीच छिन्नविच्छिन्न बहीण कोरलेली होती. चकती होती नेमकी युद्धदेवाच्या पायऱ्यांच्या तळाशी. वर बळी दिलेल्या कैद्याचं शरीर त्याच पायऱ्यांवरून खाली येई. म्हणजे ती कथा तिथं पुन्हा पुन्हा घडवली जाई.

बळी हवा म्हणून शत्रू जिवंत हवा. मुलगा दहा वर्षांचा झाला की मानेवर केसांचा झुबका राखत. तो पहिला कैदी पकडल्यावरच कापायचा. कैद्यांच्या संख्येवर मान आणि पोशाख ठरे. गरुडवीर आणि जॅग्वारवीर हे त्यातले मानकरी. लाकडी दांड्याच्या कडांना ज्वालामुखीतल्या काळ्या काचेची पाती बसवलेली, हे त्यांचं हत्यार. पकडणारा कैद्याला ‘माझा मुलगा’ म्हणे आणि कैदी त्याला ‘माझा बाप’. रणात किंवा वेदीवर मेलेला वीर चार वर्षं सूर्याची सोबत करतो आणि मग हमिंगबर्ड होऊन फुलांवर उतरतो, अशी श्रद्धा होती.

कैदी मिळवण्यासाठी शेजाऱ्यांशी ज्या लढाया होत, त्यांचं नाव होतं ‘फुलांचं युद्ध’. त्यांच्या भाषेत कवितेलाही ‘फूल, गाणं’ असंच म्हणत. मी कविता लिहितो, म्हणून हे वाचून मला जरा धास्तीच वाटली. इतका सुंदर शब्द सापडला, की रक्त दिसेनासं होतं.

वेदीवर शूर लढवय्येच गेले, असंही नाही. २०१५ मध्ये मोठ्या मंदिराजवळ कवट्यांची चळत सापडली. तिच्यात बायकांच्या आणि मुलांच्याही कवट्या निघाल्या.

आणि शेजाऱ्यांना ही फुलं कशी वाटत होती? डोंगरापलीकडच्या त्लाश्काला राज्याची अॅझ्टेकांनी कोंडी केली होती. त्यांना मीठ मिळत नव्हतं, कापूस मिळत नव्हता. १५१९ मध्ये स्पेनचा कोर्तेस आला, तेव्हा त्लाश्कालाचे लोक आधी त्याच्याशी लढले आणि मग त्याच्या बाजूला गेले. पुढच्या वर्षी देवीच्या साथीनं तेनोच्तित्लान पोखरलं. १३ ऑगस्ट १५२१ ला शहर पडलं. वेढ्यात स्पॅनिश सैनिक होते काही शेकडे. बाकीचे हजारो याच शेजारच्या मुलखातले होते.