फांटी आसाफो ध्वज
घानाच्या किनारपट्टीवरील फांटी लोकांच्या ‘आसाफो’ नामक लढाऊ पथकांचे चित्रमय समारंभध्वज. फांटी हे आकान भाषासमूहातील लोक असून केप कोस्ट, आनोमाबो, सॉल्टपाँड व मँकेसिम ही त्यांची प्रमुख नगरे होत. ‘सा’ म्हणजे युद्ध व ‘फो’ म्हणजे लोक, यांवरून आसाफो हे नाव पडले. आकान समाजात कूळ मातृवंशीय असले, तरी आसाफोचे सदस्यत्व पित्याकडून मिळते. एका नगरात अशी अनेक पथके असतात; केप कोस्टमध्ये ती ७ आहेत. प्रत्येकाचे नाव, क्रमांक, रंग व चिन्हे ठरलेली असतात.

सुती कापडावर रंगीत तुकड्यांच्या आकृती दोन्ही बाजूंनी शिवून ध्वज तयार करतात. काठीकडील वरच्या कोपऱ्यात १९५७ पूर्वी सामान्यतः युनियन जॅक असे. स्वातंत्र्यानंतर तेथे घानाचा राष्ट्रध्वज आला. नव्या नायकाने अधिकारग्रहणाच्या वेळी पथकाला ध्वज अर्पण करण्याची प्रथा असून उत्सवांत आणि अंत्यविधींत प्रशिक्षित नर्तक तो नाचवितात. आकृतींमागे बहुधा एखादी म्हण असते. मगर व मासे यांच्या चित्रातून नदीतले मासे मगरीसाठीच पुष्ट होतात, म्हणजे इतरांचे बळ अखेर आपल्याच कामी येते, असे पथक सुचविते. आगगाडीचे चित्र सदैव सज्जता दर्शविते. प्रतिस्पर्ध्याचे चिन्ह वापरणे वा त्याची हेटाळणी करणे हे आव्हानच ठरे. त्यातून दंगली उद्‌भवल्यामुळे ब्रिटिश प्रशासनाने ध्वजांवर निर्बंध घातले.

संग्रह : अमेरिकन अभ्यासक डोरन रॉस यांचा या ध्वजांवरील अभ्यासग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. पीटर ॲडलर व निकोलस बर्नार्ड यांच्या १९९२ मधील सचित्र पुस्तकाने त्यांची ख्याती पाश्चात्त्य संग्राहकांत वाढविली. लॉस अँजेल्सचे फाउलर संग्रहालय व लंडनमधील ब्रिटिश म्यूझीयम येथे असे ध्वज आहेत. मागणी वाढताच जुन्या ध्वजांची विक्री होऊ लागली. शिवाय विक्रीसाठी युनियन जॅक लावून व कापड कृत्रिमरीत्या जीर्ण करून नवे ध्वजही बनविण्यात आले. त्यामुळे युनियन जॅक हा १९५७ पूर्वीच्या निर्मितीचा निर्णायक पुरावा ठरत नाही. शिवणीचे टाके, कापडाचा पोत व झीज यांबरोबरच मूळ पथकाची माहितीही पडताळावी लागते.

ध्वज ही व्यक्तीची नव्हे, तर पथकाची सामाईक मालमत्ता असल्याने तो विकण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न संग्राहकासमोर प्रथम उभा राहतो. दुसरा प्रश्न अर्थाचा आहे. एकच आकृती निरनिराळी पथके वेगवेगळ्या म्हणींशी जोडतात. म्हणून नगर, पथक, शिवणारा कारागीर व म्हण यांची नोंद नसल्यास संग्रहालयात केवळ शोभेचे कापड उरते. फांटी नगरांत ध्वज आजही शिवले व नाचविले जातात; त्यामुळे संग्रहातील जुन्या ध्वजांचे अर्थ पडताळून पाहण्याचा मार्ग अद्याप खुला आहे.