खाते : उधारीचे आणि ओळखीचे

वाण्याकडे खाते असे ते उधारीचे. रोखीने हळद-मीठ नेणाऱ्याचे नाव चोपडीत चढत नसे. चढे ते बाकी ठेवणाऱ्याचे. दुकानदार आधी माणूस पारखी, मग त्याच्या नावाचे पान उघडी. इंटरनेटवरच्या दुकानांनी शब्द हाच घेतला, व्यवहार मात्र उलटा केला. तिथे आगाऊ पैसे मोजणाऱ्यालाही आधी खाते उघडायला सांगतात. ही अट आली कुठून, याचा मी गेली काही वर्षे माग काढतो आहे.

तांत्रिक गरज, असे उत्तर हमखास मिळते. इतिहास त्याला फारसा दुजोरा देत नाही. वेबची मूळ रचना विसराळू होती. पान मागितले, पान मिळाले, संबंध संपला. त्याच माणसाने पुढचे पान मागितले तरी यंत्राच्या लेखी तो नवाच. मग टोपलीत टाकलेली वस्तू कोणाची, हे दुकानाने ओळखावे कसे? १९९४ साली नेटस्केप कंपनीपुढे हा पेच आला तो एमसीआय या अमेरिकन दूरसंचार कंपनीच्या कामातून. अर्धवट राहिलेल्या खरेदीची नोंद एमसीआयला आपल्या यंत्रांवर ठेवायची नव्हती. लू मॉन्टुली या अभियंत्याने तोडगा काढला : दुकानाने एक चिठ्ठी ग्राहकाच्याच संगणकावर ठेवावी आणि पुढच्या खेपेस ती वाचावी. हीच ‘कुकी’. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक देणे सोपे होते; पण त्यामुळे माणसाचा सगळीकडे पाठलाग करता येईल म्हणून तो मार्ग टाळला, असे मॉन्टुलीने पुढे स्वतःच लिहिले. (जाहिरातदारांनी त्या चिठ्ठ्यांचे काय केले, तो निराळ्या लेखाचा विषय.) थोडक्यात, टोपली भरायला नाव लागत नव्हते. पत्ता लागे तो माल पोचवायला, आणि तोही त्या एका व्यवहारापुरता.

खात्याच्या बदल्यात ग्राहकाला काही देण्याचा ठळक प्रयत्न ॲमेझॉनचा. पत्ता आणि कार्ड नोंदवून ठेवलेल्याला एका टिचकीत खरेदी करता येईल, या पद्धतीच्या पेटंटसाठी कंपनीने सप्टेंबर १९९७ मध्ये अर्ज केला. २८ सप्टेंबर १९९९ रोजी ते मिळाले. महिन्याच्या आत बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यावर दावा, डिसेंबरात मनाई हुकूम. त्या दुकानाला ग्राहकाकडून एक टिचकी जादा मारून घ्यावी लागली! २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने मनाई उठवली, पुढच्या वर्षी तडजोड झाली. एका टिचकीवर मालकी सांगणे मला हास्यास्पद वाटते. पण खाते उघडणाऱ्याच्या पदरात निदान काही पडत होते.

बहुतेक दुकाने तसे काही न देताच नाव मागत राहिली. या हट्टाची किंमत किती, याचा गाजलेला दाखला जेरेड स्पूल या अमेरिकन अभ्यासकाने २००९ साली मांडला. दुकानाचे नाव त्याने सांगितले नाही. टोपली भरून ग्राहक पैसे भरायला निघाला की एक साधा तक्ता समोर येई : ईमेल, पासवर्ड, ‘प्रवेश’ आणि ‘नोंदणी’ अशी दोन बटणे. नेहमीच्या गिऱ्हाइकाची यात सोय होते, अशी आखणाऱ्यांची समजूत. प्रत्यक्ष माणसे समोर बसवून खरेदी करायला लावली, तेव्हा नवखे चिडलेले दिसले. वस्तू हवी आहे, सोयरीक कशाला, असा त्यांचा सूर. जुन्यांचे हाल त्याहून अधिक. कोणत्या ईमेलने नोंदणी केली हेच आठवेना. नोंदी तपासल्या तर ४५ टक्के ग्राहकांची एकाहून अधिक खाती निघाली, काहींची दहापर्यंत. विसरलेल्या पासवर्डसाठी दिवसाला १,६०,००० मागण्या येत, आणि तो मागणाऱ्यांतले ७५ टक्के लोक खरेदी पुरी करायला परतत नसत.

उपाय काय केला? ‘नोंदणी’ काढून ‘पुढे चला’ असे बटण लावले. शेजारी खुलासा, की खरेदीसाठी खाते लागत नाही. हवे तर पैसे भरताना उघडा. स्पूलच्या हिशेबाने खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि वर्षात ३० कोटी डॉलरची भर पडली. आकडे त्याचेच आहेत आणि दुकान अनामिक, तेव्हा ते मी थोडे हात राखून घेतो. निरीक्षणे मात्र पटतात. ग्राहकाचे वागणे आकडेवारीत दिसण्याआधी त्याच्या शेजारी बसून दिसले, हे मला त्यात अधिक मोलाचे वाटते.

आपल्याकडे पासवर्डची जागा मोबाइल क्रमांकाने आणि ओटीपीने घेतली. विसरण्याची अडचण मिटली, पण क्रमांक म्हणजे माणसाच्या दाराची कडी; ती कोणीही केव्हाही वाजवू शकतो. आता ही सवय पडद्यावरून उतरून काउंटरवर आली आहे. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला विक्रेत्यांना बजावावे लागले, की क्रमांकाचा आग्रह धरू नका, तो दिला नाही म्हणून विक्री नाकारू नका.

त्यानंतरही एका कपड्यांच्या दुकानात मी क्रमांक द्यायला नकार दिला. रोख पैसे हातात घेऊन काउंटरवरची मुलगी अडली. रकाना रिकामा ठेवला तर बिलच निघेना. शेवटी तिने दहा वेळा नऊ दाबले आणि पावती फाडून हातात दिली.